नवस माणसाचा, करार देवाचा

पनवेलमध्ये ‘बेथ एल’ नावाचे सिनेगॉग आहे. कोकणातल्या बेने इस्रायल या यहूदी समाजाने ते १८४९ मध्ये उभारले. हे नाव बायबलमधल्या एका ठिकाणाचे आहे आणि त्या ठिकाणची गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकात अठ्ठाविसाव्या अध्यायात येते. थोरल्या भावाचा आशीर्वाद लबाडीने लाटून याकोब घरातून निघालेला असतो. वाटेत सूर्य मावळतो, तेव्हा एक धोंडा उशाला घेऊन तो उघड्यावरच झोपतो. स्वप्नात त्याला जमिनीवरून आभाळाला भिडलेली शिडी दिसते आणि देव त्याच्याशी बोलतो. ही भूमी तुला आणि तुझ्या वंशाला देईन, तुझ्या वंशामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांचे भले होईल, तू जाशील तिथे तुझी पाठराखण करीन आणि तुला इथे परत आणीन, असे तो सांगतो.

सकाळी याकोब उठतो, तो धोंडा उभा करून त्यावर तेल ओततो आणि आपले म्हणणे मांडतो. देव माझ्याबरोबर राहिला, पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र मिळाले, मी सुखरूप बापाच्या घरी परतलो, तर हाच माझा देव. आणि मिळेल त्याचा दहावा हिस्सा त्याला देईन.

याकोबाचे हे बोलणे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हा नवस आहे. अमुक झाले तर तमुक करीन. झाले नाही तर मी मोकळा. देवाचे बोलणे मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्यात ‘जर’ नाही. समोरचा माणूस भावाला फसवून आलेला आहे, त्याने काही मागितलेलेही नाही, तरी देव आपणहून स्वतःला शब्दात बांधून घेतो. अब्राहामाशी केलेला करार तो इथे त्याच्या नातवाला पुन्हा सांगतो आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राची बरीचशी इमारत नवस आणि करार यांतल्या फरकावर उभी आहे. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न असा: एकदा दिलेला शब्द देव मागे घेतो का? एकोणिसाव्या शतकात कोकणच्या या पट्ट्यात हा प्रश्न जिवंत माणसांच्या रूपाने समोरासमोर आला.

साक्षीला मित्र आणि वरुण

देवाशी करार ही कल्पना शून्यातून आली नाही. प्राचीन पश्चिम आशियात राजे एकमेकांशी आणि मांडलिकांशी तह करत, आणि त्या तहांचा एक ठरलेला साचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातल्या बोगाझकोय येथे हिटाइट राजधानीतले मातीच्या विटांवरचे दप्तर सापडले आणि हा साचा उजेडात आला. आधी सम्राटाचे नाव व बिरुदे, मग त्याने मांडलिकावर केलेल्या उपकारांचा इतिहास, मग अटी, मग तहाची प्रत देवळात ठेवण्याची आज्ञा, मग साक्षीदार देवांची यादी आणि शेवटी पाळणाऱ्याला वर व मोडणाऱ्याला शाप. इ. स. पू. चौदाव्या शतकात हिटाइट राजा सुप्पिलुलियुमा आणि मितान्नीचा शत्तिवाझ यांच्यात झालेल्या तहाच्या साक्षीदारांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे आहेत. ऋग्वेदातल्या देवांचा हा भारताबाहेरचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख आहे.

अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, मोशेच्या नावावरच्या ग्रंथांत हाच साचा दिसतो. दहा आज्ञांची सुरुवात ‘मी कोण’ आणि ‘मी तुला मिसरच्या गुलामगिरीतून सोडवले’ या दोन गोष्टींनी होते. आज्ञा त्यानंतर येतात. दगडी पाट्या कराराच्या कोशात, म्हणजे पवित्र पेटीत, ठेवल्या जातात. अनुवाद नावाच्या पुस्तकात अठ्ठाविसाव्या अध्यायात आशीर्वाद आणि शाप ओळीने दिलेले आहेत. एका जागी मात्र साचा मोडतो. साक्षीला दुसरे देव बोलावायचे कुठून, कारण इथे देव एकच. म्हणून मोशे आकाश आणि पृथ्वी यांना साक्षी ठेवतो.

करार करण्याचा विधीही त्या काळाचाच होता. जनावर मधोमध चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर मांडत आणि करार करणारे त्यांच्यामधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझी हीच गत होवो, हा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या पुस्तकात चौतिसाव्या अध्यायात असा विधी स्पष्टपणे येतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामही कालवड, शेळी आणि मेंढा कापून मांडतो. पण त्याला गाढ झोप लागते आणि अंधारात त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि पेटती मशाल एवढेच सरकत जाते. म्हणजे चालला तो फक्त देव. अब्राहाम कडेला झोपून होता. हा सगळा प्रसंग बारकाईने सांगितला आहे तो याच एका मुद्द्यासाठी: शाप ओढवून घेण्याची तयारी बलवान बाजूने दाखवली.

दान आणि तह

बायबलमधले सगळे करार मात्र एकाच घडणीचे नाहीत. मोशे वाइनफेल्ड या इस्रायली विद्वानाने १९७० मध्ये त्यांचे दोन गट पाडले. एक मांडलिकाशी केलेला तह, ज्यात अटी दुबळ्या बाजूवर असतात. दुसरा राजाने निष्ठावंताला दिलेले दान, ज्यात बंधन देणाऱ्यावर असते.

दुसरा प्रकार महाराष्ट्राला चांगला परिचयाचा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी दिलेल्या जमिनींचे ताम्रपट आणि शिलालेख ठाणे-रायगड भागात सापडले आहेत. अलिबागजवळच्या आक्षी गावातला, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा लेख त्यांतलाच. अशा दगडांवर वर सूर्य-चंद्र कोरलेले असतात, कारण दान सूर्य-चंद्र असेतोवर टिकायचे. आणि खाली ते मोडणाऱ्यासाठी गाढवाची शिवी असते, म्हणून लोक त्यांना गद्धेगळ म्हणतात. दावीद राजाला देवाने दिलेले वचन वाचताना हे दगड आठवल्याशिवाय राहत नाहीत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, दावीद देवासाठी मंदिर बांधायला निघतो आणि देव त्यालाच म्हणतो की, मीच तुझे घराणे उभारीन. एकोणनव्वदाव्या स्तोत्रात त्या वचनाच्या टिकाऊपणासाठी सूर्य आणि चंद्र यांचेच नाव घेतले आहे.

नोहा, अब्राहाम आणि दावीद यांच्याशी झालेले करार दानाच्या जवळचे. जलप्रलयानंतर नोहाशी झालेला करार तर केवळ माणसांशी नाही; गुरे, पाखरे, रानातली जनावरे, सगळ्या सजीवांशी आहे. त्याची खूण म्हणजे इंद्रधनुष्य. अब्राहामाच्या कराराची खूण सुंता: जन्मल्यानंतर आठव्या दिवशी. सीनाय पर्वतापाशी मोशेच्या हस्ते झालेला करार तहासारखा. त्यात लोकांनीही तोंडाने होकार दिला, बळीचे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले गेले. त्याची खूण शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती.

तरीही सीनायचा करार हा सौदा नव्हे. लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून देवाने त्यांना मिसरातून सोडवले, असे बायबल म्हणत नाही. आधी सोडवले, मग आज्ञा दिल्या. नवस फेडला की माणूस सुटतो. करार फेडता येत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या पाळावा लागतो. ख्रिस्ती प्रवचनांत ‘कृपा’ आणि ‘नियमशास्त्र’ यांची जी जोडी वारंवार ऐकू येते, तिचे मूळ या क्रमात आहे.

मोडलेला करार आणि नवा करार

इस्रायलच्या संदेष्ट्यांनी आपल्या लोकांवर ठेवलेला मुख्य आरोप करारभंगाचा होता. होशेयाने देवाला फसवल्या गेलेल्या नवऱ्याच्या जागी कल्पिले. एलीयाने देवापुढे गाऱ्हाणे मांडले की, लोकांनी तुझा करार सोडला. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, तेव्हा कराराचे शाप खरे झाले असे लोकांना वाटले. त्याच काळात यिर्मयाने सांगितले की, देव नवा करार करणार आहे. तो दगडी पाट्यांवर नाही, माणसांच्या अंतःकरणावर लिहिला जाईल, आणि त्यात पापांची आठवण ठेवली जाणार नाही.

यिर्मयाचे हे बोल ख्रिस्ती धर्माच्या मुळाशी आहेत. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने अटक झाली त्याच रात्री शिष्यांबरोबर वल्हांडणाचे भोजन केले आणि प्याला हाती घेऊन, हा माझ्या रक्ताने होणारा नवा करार आहे, असे सांगितले. सीनायचे शिंपडलेले रक्त आणि यिर्मयाचा नवा करार एका वाक्यात एकत्र आले. वसईच्या चर्चमधली मिस्सा असो की अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) चर्चमधले प्रभुभोजन, प्याला उचलताना याच कराराचे स्मरण होते. आणि जनावराच्या तुकड्यांमधून एकटाच चालत गेलेला देव? ख्रिस्ती वाचक त्या प्रसंगाचा शेवट क्रूसावर पाहतो: करार माणसाने मोडला, शाप देवाने अंगावर घेतला.

प्रेषित पौलापुढचा प्रश्न वेगळा होता. यहूदी नसलेल्यांनी या करारात शिरायचे कसे? आधी सुंता करून, मोशेचे नियम स्वीकारून? गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याने एखाद्या वकिलासारखा युक्तिवाद केला. अब्राहामाला वचन आधी मिळाले, नियमशास्त्र ४३० वर्षांनी आले. नंतरचा दस्तऐवज आधीचे वचन रद्द करू शकत नाही. अब्राहामाला विश्वासामुळे नीतिमान ठरवले गेले, तेही सुंता होण्याआधी. म्हणून जो विश्वास ठेवतो तो अब्राहामाचा वारस.

ही वाट उघडली नसती तर मराठी ख्रिस्ती समाजच झाला नसता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक कोकणातल्या चित्पावन घरात जन्मले. गोत्र-प्रवरांनी ज्याची ओळख सांगितली जाते अशा समाजातून ते आले आणि ज्या करारात शिरायला रक्ताचे नाते लागत नाही अशा करारात गेले. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीपासून येशूपूर्वीपर्यंतची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. नवख्रिस्ती श्रोत्यांना थेट येशूची गोष्ट सांगून भागले असते. पण आधीची वचने कळल्याशिवाय ती पुरी झाली याला अर्थ राहत नाही, ही स्टीफन्स यांची समज त्या रचनेत दिसते.

करारवादी स्कॉटिश आणि शनिवार तेली

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारणेने कराराला धर्मशास्त्राच्या मध्यभागी आणून बसवले. झ्युरिकच्या हाइनरिख बुलिंगरने १५३४ मध्ये देवाचा करार हाच विषय घेऊन स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे, अब्राहामापासून आजपर्यंत करार एकच; बदलल्या त्या खुणा. त्यातून तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याचे समर्थन निघाले. सुंता आठव्या दिवशी होत असे, मग बाप्तिस्म्यासाठी मूल मोठे होण्याची वाट का पाहायची? बॅप्टिस्ट पंथाला हे मान्य नाही. नव्या करारात माणूस जन्माने शिरत नाही, स्वतःच्या विश्वासाने शिरतो, असे ते म्हणतात. आजही एखाद्या चर्चमध्ये पाळण्यातल्या मुलावर पाणी शिंपडतात आणि दुसऱ्यात फक्त कळत्या वयाच्या माणसाला पाण्यात बुडवतात, त्या फरकाच्या मागे कराराविषयीचा हा वाद आहे.

स्कॉटलंडमध्ये तर करार राजकारणात उतरला. १६३८ मध्ये एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये लोकांनी ‘राष्ट्रीय करारा’वर सह्या केल्या आणि आपल्या चर्चवर राजाची उपासनापद्धती लादून घ्यायला नकार दिला. पुढे १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्याने आदामाशी झालेला ‘कर्मांचा करार’ आणि ख्रिस्तामुळे मिळणारा ‘कृपेचा करार’ अशी मांडणी केली. तीच स्कॉटिश चर्चची अधिकृत शिकवण झाली.

याच परंपरेत वाढलेले मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या आधी १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट आले होते; तेही न्यू इंग्लंडच्या करारवादी चर्चांमधले. या मंडळींना मुंबईत आणि पुढे कोकण किनाऱ्यावर एक अनपेक्षित समाज, बेने इस्रायल, भेटला. तो मराठी बोलत होता, तेलाचे घाणे चालवत होता, शनिवारी घाणा बंद ठेवत होता. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. जवळ हिब्रू ग्रंथ उरले नव्हते. ‘शमा इस्रायल’ ही प्रार्थना, आठव्या दिवसाची सुंता, शनिवार आणि खाण्यापिण्याचे काही नियम एवढे उरले होते.

कराराच्या भाषेत सांगायचे तर दस्तऐवज हरवला होता, खुणा शिल्लक होत्या. सुंता ही अब्राहामाच्या कराराची खूण, शब्बाथ सीनायच्या कराराची. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे मांडून होणारा मलिदाही त्यांच्याकडे आहे. त्यात एलीयाचे, म्हणजे त्यांच्या एलियाहू हन्नबीचे, स्मरण होते आणि तो पुष्कळदा नवस फेडण्यासाठी केला जातो. लोकांनी करार सोडला असे गाऱ्हाणे करणारा हा संदेष्टा प्रत्येक सुंतेला साक्षीदार म्हणून हजर असतो, अशी जगभरच्या यहूद्यांची श्रद्धा आहे. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावाजवळ खडकावर त्याच्या रथाची खूण असल्याचे कोकणातले बेने इस्रायल मानतात. याकोबाचा नवस आणि अब्राहामाचा करार, दोन्ही या समाजाने एका घरात नांदवले.

मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, त्यांच्यातल्या सुशिक्षितांना शिक्षक नेमले, बायबलची मराठी भाषांतरे हाती दिली. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. ही मंडळी बायबलचा ‘जुना करार’ हा भाग वाचतील आणि तिथून नव्या कराराकडे वळतील, ही त्यामागची आशा होती. घडले ते उलट. धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले. बाकीच्यांना मिशनऱ्यांकडून आणि कोचीहून आलेल्या यहूदी शिक्षकांकडून स्वतःचाच ग्रंथ परत मिळाला, आणि पाळत आलेल्या खुणांचा अर्थ कळला. त्याच शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा सुरू केली. बेने इस्रायलांचा इतिहासही त्यांनीच लिहून काढला.

रद्द झाला का?

नवा करार आला, मग जुन्याचे काय? फार काळ बहुतेक चर्चांचे उत्तर होते की, जुना करार संपला आणि इस्रायलची जागा चर्चने घेतली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात जुना करार जीर्ण होत चालल्याचे म्हटले आहे, त्यावर हे उत्तर आधारलेले होते. त्याचे सामाजिक परिणाम युरोपातल्या यहूद्यांनी शतकानुशतके भोगले.

पण बायबलच्या त्याच ‘नवा करार’ या भागात पौलाचे रोमकरांस पत्र आहे आणि त्याचा अकरावा अध्याय दुसरीकडे नेतो. पौल जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त देतो: मूळ झाड इस्रायल, आणि यहूदी नसलेले विश्वासणारे म्हणजे त्यावर बांधलेल्या रानटी जैतुनाच्या फांद्या. कोकणातल्या बागायतदाराला यातली गंमत पटकन कळेल. आपण रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. गावठी खोडावर उत्तम फळाची फांदी. पौलाने उलटे केले आहे आणि हे निसर्गाविरुद्ध आहे हे तो स्वतःच म्हणतो. रानटी काडीने उत्तम झाडाचा रस प्यायचा, आणि फांदीने मुळापुढे तोरा मिरवायचा नाही. देवाची दाने आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत, असेही तो त्याच अध्यायात सांगतो.

नाझी छळछावण्यांनंतर चर्चने हा अध्याय नव्याने वाचला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र मंजूर केले आणि यहूद्यांना देवाने टाकलेले किंवा शापिलेले म्हणून दाखवू नये, असे बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये जर्मनीतल्या माइन्झ येथे यहूदी प्रतिनिधींपुढे, देवाने जुना करार कधीही रद्द केलेला नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. अनेक प्रॉटेस्टंट चर्चांनीही अशीच भूमिका घेतली. मतभेद संपलेले नाहीत. मग यहूद्यांना ख्रिस्ताची गरज आहे की नाही, करार एक आहे की दोन, यावर धर्मशास्त्रज्ञ आजही वाद घालतात.

करारात कोण आणि कोण नाही, हा वाद यहूद्यांमध्येही झाला, आणि त्याची झळ कोकणच्या माणसांना लागली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे काही धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांसंबंधी शंका काढल्या. या समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहूदी असल्याचे ठासून सांगितले. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहूद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. संसद आणि सरकार नागरिकत्व किंवा दर्जा ठरवू शकतात. करार बायबलच्या मते त्यांच्या हातात नाही, आणि धर्मगुरूंच्याही नाही.

ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने हा वाद फक्त शेजाऱ्याशी सौजन्याने वागण्यापुरता नाही. त्याची स्वतःची सारी आशा एका गोष्टीवर आहे: आपण चुकलो तरी देव शब्द फिरवणार नाही. इस्रायलने करार मोडला म्हणून देवाने त्यांना दिलेला शब्द काढून घेतला असे मानले, तर चर्चनेही पुष्कळदा करार मोडला आहे, आणि मग तिला दिलेला शब्दही त्याच न्यायाने काढून घेता येईल. जुन्या कराराला ‘रद्द’ असा शिक्का मारणारा आपल्या हातातल्या नव्या कराराचेच मोल घटवतो. हे हिशेबाचे गणित पौलाला कळले होते. बाकीच्या चर्चला ते पुरते उमगायला जवळजवळ एकोणीस शतके लागली.